कार स्टिरिओतली शिट्टी: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

उन्हाळाभर गप्प असलेली शिट्टी पाऊस लागल्यावर परत सुरू झाली. या वेळी मीटर (व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर) काढून सीट सरकवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मला तिचं मूळ सापडलं. पहिल्या खेपेला मात्र त्यात अख्खा हिवाळा गेला होता आणि दोन दुकानं फिरून प्रकरण डायनामो (इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर) बदलण्यापर्यंत पोचलं होतं. हा फरक कशाने पडला ते सविस्तर लिहितोय, कारण ओळखीतली काही मंडळी याच आवाजापायी नको त्या वस्तूंवर पैसे घालवून बसलीत.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक. दिवाळीत टचस्क्रीन डेक, डाव्या सीटखाली चार चॅनलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर), पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर आणि डिक्कीत छोटा वूफर असं बसवून घेतलं. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण शेवटी दोष यातल्या एकाही वस्तूत निघाला नाही. आवाज मोकळा आहे, वूफर या गाडीला पुरून उरतो, डेक हँग होत नाही. वस्तूंबद्दल एवढं पुरे.

आता शिट्टी. इंजिन बंद ठेवून चावी एका टप्प्यावर फिरवली तर गाणं स्वच्छ. इंजिन चालू केलं की गाण्यामागे बारीक कूंऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो. डेकचा आवाज शून्यावर नेला तरी ती तेवढीच राहते. मी गाडीत बहुतेक ख्याल ऐकतो. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यांच्या गायकीचं हे कोल्हापूर गाव आहे आणि आमच्या घरात ते ऐकणं पहिल्यापासून आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तानपुरा आणि गळा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, नेमकी तिथे ही शिट्टी येऊन बसायची. ताराराणी चौकात सिग्नलला थांबलं की एक सूर, गाडी हलली की दुसरा. दणदणीत काही लावलं तर ती झाकली जाते. पण आवाज चांगला यावा म्हणूनच पैसे मोजले होते, झाकण्यासाठी नाही.

हा सूर इंजिनाबरोबर चढतो-उतरतो, कारण तो डायनामोचा आहे. डायनामो तीन फेजची एसी वीज बनवतो आणि आतले सहा डायोड तिची डीसी करतात. ती डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाट राहते. बहुतेक गाड्यांच्या डायनामोत १२ पोल (चुंबकाची टोकं) असतात, त्यामुळे त्याच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा उठतात. इंजिन ८०० आरपीएमवर असेल आणि पुलीमुळे डायनामो त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर हिशोब १२०० हर्ट्झवर येतो. इंजिन २५०० वर गेलं की ३७५० हर्ट्झ. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. म्हणून लाट अगदी किरकोळ असली तरी ती डासासारखी कानाशी येते.

तर ही लाट प्रत्येक गाडीत असते. ती स्पीकरपर्यंत का पोचते, हा खरा प्रश्न. आणि दुकानात नेमकं तेच कुणी विचारत नाही.

बसवणाऱ्या दुकानात गेलो तर पहिलं उत्तर आलं, "साहेब, ॲम्प लावला की थोडा येतोच आवाज." येतोच म्हणजे काय? ॲम्प लावलेल्या असंख्य गाड्या या आवाजाशिवाय चालतात. मी हलत नाही म्हटल्यावर त्याने डेकच्या प्लस वायरवर कॉइलचा फिल्टर जोडला आणि वेगळे पैसे घेतले. काडीचा फरक नाही. पुढच्या खेपेला म्हणाला, आरसीए वायर (डेककडून ॲम्पकडे गाण्याचा सिग्नल नेणारी) आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने गेली आहे, सगळा गालिचा उचलून परत करावं लागेल, मजुरी पडेल. ही गोष्ट बरेच जण सांगतात आणि दोन्ही वायरी वेगवेगळ्या बाजूने नेणं चांगलंच आहे. पण पैसे देण्याआधी मी एक लांब आरसीए वायर उसनी आणली, ती डेकपासून सीटवरून सरळ ॲम्पपर्यंत नुसती टाकली आणि गाडी चालू केली. शिट्टी जशीच्या तशी. मग गालिचा उचलायचं कारणच उरलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्याच दुकानात उभ्या उभ्या सुधारली. ॲम्पचा गेन पूर्ण फिरवून ठेवलेला होता. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. डेककडून किती व्होल्टचा सिग्नल येतोय, त्याला ॲम्प जुळवून घेण्यासाठी तो असतो. गिऱ्हाइकाला पहिल्याच मिनिटात दणका जाणवावा म्हणून दुकानं तो वर ठेवतात आणि मग सिग्नलबरोबर येणारी घाणही तेवढीच मोठी होते. गेन खाली आणला, डेकचा आवाज वर घेतला. शिट्टी कमी झाली, सतत येणारी सूंऽऽ जवळपास गेली.

उरलेल्या शिट्टीसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. ग्राउंड लूप म्हणजे डेक आणि ॲम्पच्या मायनसच्या दोन वाटांमधून फिरणारा नको तो करंट. दोन-तीनशे रुपयांत येणारी डबी, डेक आणि ॲम्पच्या मध्ये जोडायची. शिट्टी तत्क्षणी बंद! त्या आठवड्यात मी भेटेल त्याला हीच डबी घ्यायला सांगत होतो. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तारेचा थेट संबंध तुटतो, म्हणून लूपही तुटतो.

हे मत पुढे बदललं. जोतिबाच्या यात्रेतलं हलगीचं रेकॉर्डिंग लावलं आणि हलगी कडक वाजत असताना घुमकं गायब. कोल्हापुरात हलगी-घुमकं ही जोडी आहे. घुमक्याचा खालचा घुमारा नसेल तर नुसती हलगी कोरडी वाटते. स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर इतका लहान असतो की खालचे सूर त्याला पेलत नाहीत. म्हणजे वूफरचे पैसे भरून त्याचंच खाणं मी मध्ये कापत होतो. पखवाजाचंही तेच झालं होतं, फक्त ते ध्यानात यायला वेळ लागला. ती डबी आता कपाटात आहे. आयसोलेटर तपासणीसाठी उत्तम: तो लावल्यावर आवाज गेला, तर दोष अर्थिंगचा, म्हणजे मायनस गाडीच्या पत्र्याला जोडण्याचा, आहे हे पक्कं. पण कायमचा लावून ठेवू नये, निदान स्वस्तातला तरी.

मध्यंतरी दुसऱ्या एका दुकानात सांगितलं की डायोड गेलाय, डायनामो बदला. तो खर्च सगळ्या ॲम्पच्या किमतीच्या जवळ जात होता. तिथून मी सरळ उद्यमनगरात गेलो, जिथे ट्रकच्या वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात.

"मामा, डायनामो गेलाय म्हणत्यात."

"मीटर लावला हुता का त्यानं?"

"नाही."

"मग त्याला कुठनं कळलं?"

त्यांनी आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर डीसी मोजली, १४.१ व्होल्ट. मग तिथेच मीटर एसीवर केला, आकडा मिलिव्होल्टमध्येच राहिला. डायोड गेलेला असता तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे सरकला असता. घरी करून बघणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीलाच एसी समजून दाखवतात. दोन्ही प्रोब उलटसुलट लावून बघा. आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला तर त्या मीटरवर ही तपासणी करू नका.

मग आली खरी तपासणी. मीटर परत डीसीवर, एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर चालू आणि गाणं मोठ्याने. दोन्ही टोकं मायनसचीच, म्हणजे आकडा शून्याजवळ हवा. आला ०.४ व्होल्ट. डेकचं मायनस कंपनीच्या वायरिंगमधून येतं, ॲम्पचं सीटच्या रेलवरून, आणि दोन्हींत एवढा फरक. तो फरक मिटवायला करंट आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून पळतो. त्याच जाळीच्या आधाराने गाण्याचा सिग्नल मोजला जातो, म्हणून डायनामोची लाट गाण्यात मिसळते. ओहमवर मोजून हे सापडत नाही. साध्या मीटरच्या वायरींनाच थोडा रोध असतो आणि इथे प्रश्न ओहमच्या शंभराव्या भागांचा. ०.०२ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्यातून २० अँपिअर ओढले की ०.४ व्होल्ट तिथेच पडतात.

मामांनी सीट मागे घेतली आणि रेलचा बोल्ट दाखवला. अर्थची बारीक वायर नुसती पिळून बोल्टखाली दाबलेली, खाली कंपनीचा रंग शाबूत. "ह्यो रंग बघ. रंगातनं करंट जातोय व्हय?"

खात्रीसाठी त्यांनी आधी आयसोलेटर काढून शिट्टी परत आणली, मग बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर खिडकीतून आत घेऊन ॲम्पच्या अर्थला लावली. शिट्टी गेली. वायर काढली, आली. लावली, गेली. इतके दिवस जे हवं होतं ते एका वायरने समोर मांडलं आणि तेव्हा मला जो आनंद झाला तो नवा डेक पहिल्यांदा वाजला तेव्हाही झाला नव्हता.

काम एवढंच: गालिच्याखाली बाजूलाच असलेला कंपनीचा अर्थ पॉइंट घेतला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, प्लसच्या वायरइतकीच जाड आणि शक्य तेवढी आखूड वायर, टोकाला दाबून बसवलेला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), वर दातेरी वॉशर. आकडा ०.०५ च्या खाली आला. आयसोलेटर परत लावलाच नाही, घुमकं परत आलं. नवं भोक पाडायला त्यांनी साफ नकार दिला, कारण खालून ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या जातात. आणखी एक त्यांनी बजावलं: डेक चालू असताना आरसीएची पिन काढायची-घालायची नाही. काही डेकमध्ये त्या जाळीच्या मागे केसाएवढा फ्यूज असतो. तो उडाला की मग अर्थ कितीही घासा, शिट्टी कायम.

आणि आता पाऊस. शिट्टी आली तेव्हा मी पहिल्यांदा मीटर लावला, ०.२ व्होल्ट. गालिचा उचलला तर तळ ओला, थिंबलवर गंज. पाणी आलं होतं एसीच्या ड्रेन पाइपातून. तो तुंबला की पाणी बाहेर पडायच्या ऐवजी डाव्या पायाशी उतरतं. कोल्हापूरच्या पावसात काचा बंद आणि एसी चालू, म्हणजे ते साठायला वेळ लागत नाही. पाइप साफ केला, नवा थिंबल लावला, बोल्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन फासलं. आधी आवळायचं, मग फासायचं. ॲम्प ओल्या गालिच्यावर टेकू नये म्हणून त्याखाली रबराचे तुकडेही घातले. सीटखाली ॲम्प असेल तर पावसाळ्याआधी तो कोपरा हाताने चाचपून बघा.

अजून एक आवाज शिल्लक आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. डॅशकॅम लावल्यापासून एफएमवर खरखर येते. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर शहरात ठीक लागतं, पण गगनबावड्याकडे निघालं की सिग्नल विरळ होतो आणि खरखर वरचढ होते. कॅमेऱ्याची पिन काढली की बंद. १२ व्होल्टचे ५ करणारा त्याचा चार्जर वीज अतिवेगाने चालू-बंद करतो आणि ती वायर अँटेनाच्या केबलला चिकटून गेली आहे. फेराइटची क्लिप (वायरीवर बसून असली खरखर शोषणारी) लावून थोडा उतार पडला, पूर्ण नाही. आता ती वायर काढून उजव्या खांबावरून खाली आणणार आहे. दुसरा चार्जर त्यानंतरच बघेन.