बोटीवरचा पॉइंट मेलाय: टेस्टर, बल्ब का मीटर?

आमच्या मामाची लॉन्च बामणोलीला, कोयनेच्या तलावावर असते. हिवाळ्यात वासोट्याची गर्दी सुरू झाली की रोजच्या फेऱ्या, आणि बोटीत टेकल्या टेकल्या लोकांचा पहिला प्रश्न, चार्जिंगला पॉइंट आहे का. आहेत की, एक 12 व्होल्टचं सॉकेट, गाडीत असतं तसलं, आणि इन्व्हर्टरवर चालणारे दोन साधे थ्री-पिन. गेल्या सीझनला हे सगळे आलटून पालटून मेले आणि शोधायचं काम माझ्या गळ्यात, कारण काय तर मी साताऱ्यात वायरिंगची कामं करतो. आता ओळखीतला एक जण तापोळ्याला बोट घेतोय आणि विचारतोय की असा पॉइंट बंद पडला तर शोधायला बोटीत नेमकं काय ठेवू. त्याला फोनवर तासभर सांगितलं तेच इथं टाकतोय.

आधी टेस्टर, कारण तो सगळ्यांच्या घरात असतोच. घरी तो चालतो कारण लाईन बाहेरून येते, तिचा न्यूट्रल तिकडं जमिनीत अर्थ केलेला असतो आणि आपणपण जमिनीवर उभे असतो. बोटीवरच्या छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट बऱ्याचदा कशालाच अर्थ केलेलं नसतं, खाली फायबर, त्याखाली पाणी, पायात रबरी चप्पल, मग तो कधी दोन्ही भोकांत मिणमिणतो तर कधी एकातपण नाही. त्यात तलावावर दुपारचं ऊन असं की निऑन, म्हणजे टेस्टरमधला बारका दिवा, पेटलाय का हे बघायला वर हाताचा आडोसा धरावा लागतो. मामाचं पहिलं वाक्य हेच होतं, "आरं टेस्टर तर पेटतुय की, मग पाईंट बंद कसा?" त्याच्या नादानं मी चांगलं सॉकेट काढून नवीन बसवलं आणि नवीनपण मेलेलंच. 12 व्होल्टच्या बाजूला तर टेस्टरचा काही संबंधच नाही, निऑन पेटायलाच साठ-सत्तर व्होल्टच्या वर लागतात. ओल्या हातानं टेस्टर धरणाऱ्याला तर मी बोटीतून उतरवीन.

दुसरा टेस्ट लॅम्प. हा विकत घ्यायची गरज नाही, गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब, होल्डर, दोन हात वायर आणि टोकाला दोन क्लिपा, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या कुठल्याही दुकानात दहा मिनिटांत होतो. दिसायला गावठी आहे पण माझा जीव यावरच. कारण सांगतो. 12 व्होल्टचं सॉकेट मेलं तेव्हा मीटर (मल्टीमीटर) लावला तर 12.6 दाखवतोय, म्हणजे बॅटरी फुल, म्हणजे सॉकेट खराब असंच कुणीपण म्हणेल. पण तिथंच बल्ब लावला तर साधा लाल पण होईना. मग बॅटरीकडून सॉकेटकडं एकेक जोड धरत गेलो, फ्यूज होल्डरच्या अलीकडं बल्ब लख्ख आणि पलीकडं गुल. होल्डर उघडला तर आत पत्तीवर हिरवी बुरशी धरलेली, फ्यूज मात्र ठणठणीत. मीटर करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळं केसाएवढा जरी काँटॅक्ट राहिला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवून मोकळा होतो, बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो आणि सडलेल्या जोडाचं तिथं पितळ उघडं पडतं. पॉलिश पेपर मारला, पत्ती चिमटली, सॉकेट चालू. एकच, हा बल्ब चुकूनपण इन्व्हर्टरच्या 230 च्या पॉइंटला लावायचा नाही, काच तोंडावर येईल.

पण बल्बपण सगळीकडं पुरत नाही. इन्व्हर्टरचे पॉइंट मेले ते प्रकरण वेगळं होतं, मोबाईल लावला की चालायचे आणि एका ग्रुपनं अंडी उकडायचं इलेक्ट्रिक भांडं लावलं की इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. (बोटीत अंडी उकडतात लोक, काय बोलणार.) इन्व्हर्टरच्या बॅटरीकडच्या 12 व्होल्टच्या टर्मिनलला बल्ब लावला तर मस्त उजेड. इथं मीटरच पाहिजे, आणि तो भांडं चालू ठेवून लावायचा. बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर 12.1 आणि त्याच क्षणाला इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर 10.2. दोन व्होल्ट वाटेत गेले कुठं? साडेतीनशे वॅटला 12 व्होल्टच्या बाजूनं तीस-पस्तीस अँपिअर जातात, एवढ्या करंटला जरासा खराब जोडपण दोन व्होल्ट खातो आणि बरेच इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास आले की बॅटरी उतरली समजून बंद होतात. निगेटिव्हच्या थिंबलला (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी) बोट लावलं तर चटका बसला, दाबलेलंच नव्हतं नीट, नुसतं पक्कडीनं चेपलेलं. बल्बला ते कळायचं कारणच नाही, पावणेदोन अँपिअरला तिथं ड्रॉप कितीसा होणार. नवीन थिंबल क्रिम्पिंग टूलनं दाबून घेतलं तेव्हा फरक पाव व्होल्टच्या आत आला. बॅटरी बदलायला निघाला होता मामा, ते वाचलं.

मीटरला पण खोडी आहेत. दोन-तीनशेचा साधा मीटर स्वस्तातल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या चौकोनी वेव्हच्या (मॉडिफाइड साईन) इन्व्हर्टरवर 230 च्या जागी 180 वगैरे दाखवतो, ते बघून इन्व्हर्टर रिपेअरला देऊ नका, साधा मीटर साईन वेव्ह धरूनच हिशोब करतो. खरा आकडा पाहिजे तर ट्रू आरएमएस लिहिलेला घ्यावा लागतो, तो बराच महाग पडतो आणि पॉइंट जिवंत का मेलेला एवढंच बघायला गरज नाही. आणि लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात राहिली असताना बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट. आउटबोर्डची (मागं बाहेर टांगलेल्या इंजिनाची) पेट्रोलची बोट असेल तर टाकीजवळ असली एक ठिणगी बास आहे, आधी हवा खेळू द्या मग हात घाला.

ते पेनासारखं जवळ नेलं की बीप करणारं डिटेक्टर मिळतं, ते बोटीसाठी घेऊ नका, शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या वायरीलापण वाजतं.

तर तुमच्या बोटीत नुसतं 12 व्होल्टचं असेल, लाईट, भोंगा, चार्जिंग सॉकेट, तर बल्ब करून घ्या, बास. इन्व्हर्टर असेल तर बल्ब पाहिजेच आणि वर साधा मीटर. दोन्हीतलं एकच घेणार म्हणत असाल तर मीटर घ्या, पण लोड चालू ठेवून बघायची सवय लावा, नाहीतर वरच्या 12.6 सारखा तो तुम्हाला हातोहात फसवेल. टेस्टर स्क्रू फिरवायला ठेवा.

काठावरच्या शेडमधून एक्स्टेन्शन ओढून बोटीत 230 घेतली असेल तर मात्र यातलं काहीच स्वतः करू नका. काठावर 30 मिलिअँपिअरची ईएलसीबी (लीकेज झालं की लाईन तोडते ती) पाहिजे, ती पडत असेल तर परत परत वर न करता वायर आधी काठावरून काढा आणि वायरमनला बोलवा, तोवर बोटीच्या आसपास पोरांना पोहायला सोडू नका. गोड्या पाण्यात लीकेज खाऱ्यापेक्षा जास्त घातक, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून करंट सोपा जातो.

अजून एक, मीटर झाकणाच्या डब्यात ठेवा. माझा पहिला मीटर पावसाळाभर इंजिनाशेजारी पडून होता, नंतर इंजिन बंद असताना बॅटरी 14.6 दाखवायला लागला, मी अर्धा दिवस त्या आकड्याच्या मागं. शेवटी त्याचंच झाकण उघडलं, आत 9 व्होल्टचा सेल उतरलेला आणि क्लिपेवर तीच हिरवी बुरशी.