चवथीपासून तीन राजांच्या फेस्तापर्यंत एकच सांगाडा: घरच्या कागदी सजावटीचा हंगामभराचा अनुभव

गोव्यात घरच्या घरी कागदाची सजावट करायची असेल तर पैसे कागदावर कमी आणि सांगाड्यावर जास्त घाला. ऑगस्टमधल्या चवथीपासून, म्हणजे गणेश चतुर्थीपासून, जानेवारीतल्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत, म्हणजे त्या ख्रिस्ती सणापर्यंत, तेच सामान सतत वापरल्यानंतर माझे हे मत पक्के झाले आहे. दुकानात आपला हात आधी चमचमत्या कागदाकडे जातो, पण हंगाम संपल्यावर घरात शिल्लक राहतात त्या बांबूच्या कामट्या, दोरा आणि चांगली कात्री. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. पुण्या-मुंबईच्या हवेत चालणाऱ्या युक्त्या आमच्याकडे तशाच्या तशा चालत नाहीत.

सुरुवात मखरापासून झाली. 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे, आणि मला ती मनापासून पटते. चवथ संपल्यावर ओढ्यात तरंगणारे ते पांढरे तुकडे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. थर्मोकोल गेल्यावर खोक्याचा पुठ्ठा हाच घरगुती पर्याय उरतो. 2025 साली चवथ 27 ऑगस्टला आली, म्हणजे ऐन पावसात. या दिवसांत पुठ्ठा दोन दिवसांत पाणी ओढून मऊ पडतो. त्यावर एक उपाय खात्रीने चालला. पुठ्ठ्याच्या पोटात ज्या नळ्या असतात, त्या खांबांना उभ्या ठेवायच्या आणि कमानीला दोन थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवायचे. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या चौकटीखाली ठेवलेले माझे मखर अनंत चतुर्दशीपर्यंत वाकले नाही. स्टेपलर मात्र चवथीच्या कामात आणूच नका. आमच्या खाऱ्या, ओल्या हवेत पिना गंजतात आणि पांढऱ्या कागदावर तपकिरी डाग पसरतो. सुई-दोऱ्याचे दोन टाके घालायला थोडा वेळ जातो, पण ते डागत नाहीत.

मखराची फुले क्रेप कागदाची केली. या कागदाबद्दल माझे मत फार चांगले आहे. त्याला जन्मतःच सुरकुत्या असल्यामुळे दमट हवेने तो बिघडल्यासारखा दिसत नाही. पाकळी कापताना सुरकुत्यांच्या रेषा वरून खाली आल्या पाहिजेत. मग दोन्ही अंगठे पाकळीच्या मध्यावर ठेवून अलगद बाहेर ओढले की पोटाशी वाटी तयार होते आणि कडा आपोआप आत वळतात. रेषा आडव्या ठेवून कापलेली पाकळी ओढूनही तशी फुगत नाही. चार-पाच पाकळ्या देठाच्या तारेभोवती दोऱ्याने बांधायच्या, त्याला गोंद लागत नाही. यातली बरीच फुले मी नाताळातही वापरली. लाल आणि राणी रंगाची तेवढी उन्हाकडची बाजू फिकट झाली होती, निळी आणि हिरवी टवटवीत राहिली. पडवीत लावायची असतील तर रंग निवडताना हे लक्षात घ्या.

आता मुख्य वस्तू, म्हणजे कंदिलाचा सांगाडा. आमच्या घरी बांधतात त्या कंदिलाला मधल्या पट्ट्यात आठ चौकोन, त्यावर चार तिरके, खाली चार तिरके, एक चौकोन अगदी वर आणि एक तळाला. तिरक्या चौकोनांच्या मधल्या जागेत आठ त्रिकोण आपसूक पडतात. एकूण 18 चौकोन आणि 8 त्रिकोण. त्यासाठी सारख्या लांबीच्या 48 कामट्या लागतात आणि 24 सांधे बांधावे लागतात, प्रत्येक सांध्यात चार कामट्या. मी कामटी 15 सेंटिमीटरची घेतली, त्यामुळे कंदील आडवा मोजला तर सुमारे 36 सेंटिमीटर भरतो. कामट्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुपे-टोपल्या विकणाऱ्या बाईंकडून घेतल्या. त्यांनी स्वतःच सांगितले, "बाय, घरी नेल्यावर पाण्यात घालून ठेव, नाहीतर पीठ पडतलें." त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. बांबूतले पिठूळ सत्त्व खायला किडा येतो आणि पिवळी पूड सांडू लागते. काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवले की ते सत्त्व बरेचसे निघून जाते. मी पाणी अधूनमधून बदलले, नंतर कामट्या सावलीत वाळवल्या. आजपर्यंत त्यांतून पूड पडलेली नाही.

सांधे बांधायला मेण लावलेला जाड सुती दोरा वापरला. वरून सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा एक थेंब पुरतो. ऑनलाइन मागवलेली गरम गोंदाची बंदूकही वापरून पाहिली. कामाला ती झटपट आहे, पण आमची पडवी पश्चिमेकडे आहे आणि ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात ते सांधे मऊ पडून सरकू लागले. घरात टेबलावर ठेवायच्या वस्तूंसाठी ती चालेल, उन्हात टांगायच्या सांगाड्याला मी पुन्हा वापरणार नाही.

कंदिलावर पतंगी कागद लावला, आणि या कामात शिकलेली सर्वांत उपयोगी गोष्ट इथेच सांगते. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. भर दुपारी कागद ताठ ओढून चिकटवला तर रात्री हवेतला ओलावा पिऊन तो सैल होतो आणि चौकोनाच्या पोटात झोळ पडतो. तोच कागद सकाळी लवकर, हवा ओली असताना चिकटवला की ऊन चढल्यावर तो आक्रसून ताठ बसतो आणि रात्री जेमतेम मूळ मापावर येतो, झोळ पडत नाही. म्हणून कंदिलाचे कागदाचे काम मी सकाळी आठच्या आत उरकते. कागदाच्या कडा कामटीवर दुमडायला चारी बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवायचा आणि गोंद फक्त त्या कडेला लावायचा.

आणखी एक बारकावा. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात आणि कागद त्या दिशेला आडवा जास्त फुगतो. दिशा ओळखायला कागदाचा छोटा चौकोन कापून त्याची एकच बाजू ओल्या बोटाने पुसायची. तो गुंडाळला जातो आणि त्याची नळी ज्या दिशेला लांब होते, तीच तंतूंची दिशा. सगळे चौकोन त्या हिशेबाने एकाच बाजूला कापले तर कंदिलाच्या सगळ्या अंगांचा ताण सारखा बसतो. घडी घालायची असेल तेव्हा तर हे पाहिलेच पाहिजे, कारण तंतूंच्या दिशेने घडी स्वच्छ पडते आणि आडवी घातली की जाड कागद फाटल्यासारखा खरबरीत होतो.

नरकासुराच्या तोंडासाठी वाड्यावरच्या पोरांनी मैद्याची खळ आणि वर्तमानपत्रे वापरली, आणि त्यांनी बरोबर केले. नरक चतुर्दशीच्या पहाटे जे जळायचेच आहे त्याला महागडा गोंद कशाला? फक्त एका वेळी दोन-तीनच थर द्यायचे आणि ते कडकडीत वाळल्यावर पुढचे. एकदम जाड थर दिला की बाहेरून वाळतो, आतून बुरशी धरतो आणि वास येऊ लागतो. जी वस्तू टिकवायची आहे तिला मात्र खळ लावू नका, कसर आणि झुरळे दोन्ही तिच्या मागे येतात. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे त्याचे कारण हेच. पण मोरचूद विषारी असतो, लहान मुले असलेल्या घरात मी तो घालणार नाही.

कंदील व्हडल्या दिवाळीपर्यंत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत टांगलेला होता. नंतर कागद काढला आणि त्याच सांगाड्यावर नाताळचे नखेत्र, म्हणजे ताऱ्याचा कंदील, चढवले. बाजारात मिळते ते पाच टोकांचे असते. मला जर्मनीतल्या मोराव्हियन ख्रिस्ती लोकांच्या शाळेत 1830 च्या दशकात भूमितीच्या अभ्यासासाठी तयार झालेला तारा करायचा होता. त्याच्या नेहमीच्या आकाराचा गाभा 18 चौकोन आणि 8 त्रिकोणांचा असतो, नेमका आपल्या कंदिलाचा! वरचा एक चौकोन दिव्यासाठी मोकळा ठेवला की 17 चौकोनी आणि 8 त्रिकोणी अशी 25 टोके बसतात. आपल्या पडवीतल्या दिवाळीच्या कंदिलातून युरोपातला नाताळचा तारा असा सरळ निघतो, हे बघून मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

ज्यांना करायचा असेल त्यांच्यासाठी मापे देते. कामटी 15 सेंटिमीटरची असेल तर टोकाची तिरकी कड 30 सेंटिमीटर घ्या. चौकोनी टोकाला असे चार लांब त्रिकोण एकमेकांना लागून आखायचे, त्रिकोणी टोकाला तीन. चिकटवायला एका कडेला आणि कामटीवर दुमडायला तळाला पट्टी ठेवायची. 22 बाय 28 इंचांच्या कार्डशीटच्या एका तावातून दोन टोके निघतात, म्हणजे सगळ्यासाठी 13 ताव पुरतात. तारा टोकापासून टोकापर्यंत 90 सेंटिमीटरहून थोडा जास्त, सुमारे तीन फूट भरतो. 120 जीएसएमचा (एका चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचा) कागद घेतला तर सगळ्या टोकांचे वजन पाव किलोच्या थोडेसे वर जाते आणि बांबूचा सांगाडा ते सहज पेलतो. झेरॉक्सचा 75-80 जीएसएमचा कागद घेऊ नका. डिसेंबरमध्ये पाऊस नसला तरी पहाटे दंव पडते आणि त्या कागदाची टोके खाली मान टाकतात. 180 चा कागद ताठ राहतो, पण त्यातून उजेड फार कमी येतो. टोके गोंदाने न चिकटवता कामटीवर दुमडून प्रत्येक बाजूला दोन टाके घाला. पुढे ती काढायची आहेत.

दिवा एलईडीच घ्यायचा, कमी वॅटचा. जुना पिवळा बल्ब कागदाच्या पोटात लावणे मला सुरक्षित वाटत नाही. ताऱ्याचे वजन वायरवर येऊ देऊ नका. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना दोरी बांधून तारा टांगा आणि वायर सैल सोडा.

शेजारच्या आंटींनी तारा पाहून दोन टोके मागून नेली आणि त्या मापाने स्वतःचा तारा केला. त्यांच्या गोठ्यासाठी, म्हणजे नाताळात मांडतात त्या येशूजन्माच्या देखाव्यासाठी, मी डोंगर करून दिले. जाड तपकिरी कागद चुरगाळून ओला करायचा, दगडांवर बसवून वाळवायचा आणि मग रंगवायचा. गोठ्यात नाचणी पेरून गवत उगवतात, त्या ओल्या मातीशी कागद लागला की खालून काळा पडतो. आंटींनी नाचणी पसरट ताटल्यांत पेरली आणि डोंगर ताटल्यांच्या मागे ठेवले. डोंगर रेइश मागूशच्या, म्हणजे तीन राजांच्या फेस्तापर्यंत, 6 जानेवारीपर्यंत चांगले राहिले.

गोंद अजिबात न लागणारी एक वस्तूही वापरून पाहा. कागदाच्या चार लांब पट्ट्या एकमेकींत विणून होणारा छोटा तारा असतो, बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल (1782-1852) यांच्या नावाने तो ओळखला जातो. पट्टीची रुंदी दीड सेंटिमीटर असेल तर लांबी 45 सेंटिमीटर घ्यावी. आमच्या हवेला यासारखी दुसरी कागदी वस्तू नाही, कारण सुटायला त्यात चिकटवलेले काहीच नसते. बाहेर खिडकीत टांगलेले माझे तारे अजून घट्ट आहेत. मुलांना शिकवायलाही हीच वस्तू आधी घ्यावी. पहिल्या चार घड्यांत त्यांचा गोंधळ होतो, नंतर हात आपोआप चालतो.

हत्यारांबद्दल थोडक्यात. कापायची हिरवी मॅट उन्हात ठेवली तर वाकते, ती कपाटात आडवीच ठेवा. सुरीच्या पात्यांना कामानंतर खोबरेल तेलाचे बोट पुसा, गंज धरत नाही. महागडी नक्षीची पंच यंत्रे मैत्रिणीकडून आणून वापरली, पतंगी कागदावर ती नीट चालत नाहीत. त्यापेक्षा टोकदार छोटी कात्री बरी.

सध्या सांगाडा पोटमाळ्यावर उघडा टांगला आहे, हवा खेळती राहावी म्हणून. टोके द्रोणांच्या चवडीसारखी एकात एक बसली आणि सगळी 25 एका पत्र्याच्या डब्यात मावली. डब्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत. मृगाआधी त्या पुड्या उन्हात वाळवून पुन्हा घालणार आहे. शिगम्याला, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाला, पांढरा कागद सोडून गुलालाच्या रंगाचा पतंगी कागद त्याच चौकोनांवर लावायचा विचार आहे. त्यासाठीचे ताव मी आत्ताच घेऊन ठेवले आहेत, कारण ऐन शिगम्यात म्हापशात तो रंग मिळत नाही.