काच पुसण्याचा धंदा: दुकानांचा रतीब की फ्लॅटची सुगी?

हातात वीस-पंचवीस हजार आहेत, दुचाकी आहे, खिडक्या-काचा साफ करण्याचं काम सुरू करायचंय, तर दुकानं धरू की फ्लॅट? गेल्या वर्षभरात तीन ओळखीच्यांनी मला हेच विचारलं. पुण्यात मी दोन्ही कामं केली आहेत. सुरुवात फ्लॅटपासून केली होती. आज पुन्हा सुरू करायची वेळ आली तर आधी दुकानं धरेन. का, ते सविस्तर सांगतो, कारण फ्लॅटची बाजूही लंगडी नाही.

दुकानाचं काम म्हणजे दुधाचा रतीब. वार ठरलेला, वेळ ठरलेली, पैसे ठरलेले. फ्लॅटचं काम म्हणजे सुगी. घट बसण्याआधी घरं धुवायला काढतात तेव्हा फोन यायला लागतात, आणि दसरा ते धनत्रयोदशी या अठरा दिवसांत तर प्रत्येकाला तुम्ही उद्याच हवे असता. लक्ष्मीपूजन झालं की फोन गप्प. पावसाळ्यात तर खिडकी पुसून घ्यायचा विचारही कुणी करत नाही. दुकानाचं उलटं आहे. रस्त्यावरची गाडी खड्ड्यातून गेली की काचेचा खालचा दोन फूट भाग चिखलाने माखतो आणि दुकानदार स्वतःहून हाक मारतो.

आता हिशेब. दर तुमच्या भागानुसार बदलतील, पण मांडणी अशी करा. दहा फूट दर्शनी काच, आतून-बाहेरून, आठवड्यातून एकदा, समजा फेरीचे १५० रुपये. महिन्याचे ६००. अशी ३० दुकानं म्हणजे १८,००० रुपये. हात बसला की एका दुकानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. रोजची पाच दुकानं दोन तासांत उरकतात आणि दुपार मोकळी राहते. अट एकच, दुकानं लागून हवीत. एक कोथरूडला, एक हडपसरला असं झालं तर सगळी कमाई पेट्रोलमध्ये आणि सिग्नलला जाते. म्हणून सुरुवातीला एकच रस्ता धरा आणि त्याची दोन्ही अंगं पिंजून काढा.

फ्लॅटमध्ये एका कामाचा आकडा मोठा दिसतो. २ बीएचकेत पाच-सहा खिडक्या, गॅलरीचं स्लायडिंग, मच्छरांच्या जाळ्या. दोन माणसांना चार तास लागतात. समजा २,००० रुपये ठरले, त्यातून जोडीदाराची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च वजा केला की हजार-बाराशे उरतात. पैसे मात्र काम संपताक्षणी मोबाइलवर येतात. दुकानदार महिनाअखेरीला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो आणि ते तुम्हाला हसून ऐकावं लागतं. उधारीची वही ठेवा, आणि दोन महिने थकले तर तिसऱ्या महिन्याची फेरी थांबवा. भांडण न करता थांबवा. काच आठवडाभरात स्वतःच बोलायला लागते.

फ्लॅटच्या कामात लोकांना वाटतं काच महत्त्वाची. खरं काम ट्रॅकमध्ये असतं. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत धूळ, केस, मेलेल्या माश्या आणि कबुतराची पिसं यांचा जुना चिखल दगडासारखा बसलेला असतो. आधी कोरड्या ब्रशने मोकळा करायचा, व्हॅक्यूमने ओढायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचा. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी निघून जायला. ती बुजलेली असली की जूनमध्ये पाणी आत सोफ्यापर्यंत येतं. ती भोकं तारेने मोकळी करून, पेलाभर पाणी ओतून ते बाहेर जातं की नाही हे त्या घरच्या काकूंना दाखवा. चकचकीत काच काकू चार दिवसांत विसरतील. पहिल्या पावसात घर कोरडं राहिलं की मात्र सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा नंबर टाकतील. फ्लॅटचा धंदा असाच तोंडोतोंडी वाढतो.

कबुतराची विष्ठा कोरडी कधीच खरवडू नका. तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे. आधी भिजवा, मास्क लावा, मग काढा.

नव्या ताब्याच्या फ्लॅटचं काम जास्त पैशांचं, पण तिथे मी चांगलाच पोळलो आहे. पहिल्याच वर्षी एका नव्या घरात रंगाचे थेंब काढायला ब्लेडचा स्क्रॅपर लावला. काच ओली होती, ब्लेड नवं होतं, तरी उन्हात बघितल्यावर काचभर केसासारखे बारीक ओरखडे. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच भट्टीतून जाते तेव्हा कधीकधी तिच्या पृष्ठभागावर काचेचे सूक्ष्म कण चिकटून राहतात, आणि ब्लेड ते कण ओढत नेतं. हे मला नंतर कळलं. नवी काच बसवण्याचे पैसे खिशातून गेले. तेव्हापासून कोपऱ्यात बोटभर जागेवर चाचणी घेतो, सुरू करण्याआधी फोटो काढतो, आणि ‘ओरखड्याची शक्यता आहे’ हे मालकाकडून मेसेजवर मान्य करून घेतो. दुकानाच्या रतिबात हा धोका जवळजवळ नसतो, कारण काच दर आठवड्याला पुसली जात असते आणि खरवडायची वेळ येत नाही.

पाण्याचा फरकही मोठा आहे. महापालिकेच्या नळाला खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं, ते मऊ असतं. उपनगरांतल्या बऱ्याच सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात, आणि तिथलं पाणी क्षारांचं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. काच पुसायला तेवढंही जास्तच, कारण थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो. हे क्षार, म्हणजे टीडीएस, मोजायचं पेन काही शे रुपयांत मिळतं, ते बॅगेत असू द्या. शेवटचा हात घरच्या आरओच्या पाण्याने मारला तरी चालतं. जुने पांढरे डाग व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सुटतात, पण ते अॅल्युमिनियमच्या चौकटीवर ओघळू देऊ नका. दुकानात मिळणारी अनोळखी ‘काच ॲसिड’ची बाटली तर हातातही घेऊ नका.

सामान दोन्हीकडे सारखंच लागतं आणि ते महाग नाही. चांगला वायपर म्हणजे स्क्वीजी, काच भिजवायचा टी (टीच्या आकाराचा, कापडी खोळीचा दांडा), दोन बादल्या, मायक्रोफायबरची डझनभर फडकी, घडीची शिडी. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने नावाच्या काचपुशाने १९३६ च्या सुमारास एका रबरी पट्टीचा हलका पितळी वायपर बनवला, आजचा वायपरही मुळात तोच आहे. म्हणून दांड्यावर पैसे घालवू नका, रबर चांगलं घ्या आणि कड बोथट झाली की लगेच बदला. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे थोडेच थेंब पुरतात. जास्त फेस केला की काचेवर पट्टे राहतात. वरची एक इंच कड आधी फडक्याने कोरडी करायची, तिथून वायपर खाली ओढायचा आणि प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं. अंगावर ऊन असलेली काच पुसू नका, पाणी वायपरच्या आधी वाळतं. सकाळी पश्चिमेकडे तोंड असलेली दुकानं, दुपारनंतर पूर्वेकडची.

फ्लॅटला उंचीचं वेगळं भय आहे. सातव्या मजल्यावरच्या खिडकीची बाहेरची बाजू पुसायला ग्रिलमध्ये किंवा छज्जावर उतरायचं नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी. बऱ्याच अॅल्युमिनियमच्या स्लायडिंगचं दार वर उचलून, खालून आत ओढून काढता येतं. दोघांनी धरून ते आत आणायचं आणि तिथेच धुवायचं. निघत नसेल तर हात आणि लांब दांडा पोचेल तेवढंच करायचं आणि तसं आधीच सांगायचं. दोरीवर लटकून टॉवरच्या काचा पुसणं हा तिसरा मार्ग मी या तुलनेत धरतच नाही. तिथे प्रशिक्षण, दोन स्वतंत्र दोर, अंगभर हार्नेस आणि खाली उभा माणूस हे सगळं लागतं, ते वीस हजारांत होत नाही. दुकानात सहसा शिडीच्या चार पायऱ्या पुरतात. तरीही स्वतःचा आणि जोडीदाराचा पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेतून काढून घ्या. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं.

कागदपत्रांचं फार ओझं नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, मोफत आहे, ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बँक किंवा ऑफिसचं काम धरायचं असेल तर पॅन आणि छापील बिल लागेल. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, पण दुकानाच्या रतिबाला कर्ज काढायची गरजच पडत नाही.

तर निवड अशी करा. नोकरी चालू आहे आणि फक्त शनिवार-रविवार हातात आहेत, तर फ्लॅट. घरातली बाई सोबत काम करणार असेल तरीही फ्लॅट चांगला, लोक निःशंकपणे दार उघडतात. पूर्ण वेळ यावरच घर चालवायचं असेल तर दुकानं, आणि सुरुवात जूनमध्ये. चिखलाचे चार महिने दुकानं जोडा, नवरात्राआधी शेजारच्या सोसायट्यांत पत्रकं वाटा. दिवाळीत सकाळी रतीब, दुपारी फ्लॅट असं दोन्ही बसतं. फ्लॅटचा फोन मोठा वाटला म्हणून रतिबाची एकही फेरी चुकवू नका, दिवाळीच्या गर्दीत दुकानदाराला काच कधी नव्हे एवढी स्वच्छ हवी असते.

पहिलं दुकान मिळवायला दराचं कार्ड दाखवत बसू नका. विचारा, ‘शेठ, अर्धी काच पुसून दाखवू? पैसे नकोत.’ अर्धी पुसा आणि त्यांना रस्त्यावर येऊन बघायला सांगा. उरलेल्या अर्ध्या काचेचा दर तेच विचारतील.