हरणांसाठी शिवलेलं लपण, मुंबईच्या पाणथळीत

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरीण आणि एल्क (मोठ्या हरणाची एक जात) टिपणारे शिकारी जमिनीवर जो कापडी तंबू लावून बसतात, त्याला तिकडे ग्राउंड ब्लाइंड म्हणतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, पण तोच तंबू मुंबई-ठाण्यात पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी वापरता येतो. मराठीत त्याला लपण असा नेमका शब्द आहे. बाणासाठी बेतलेलं हे लपण कॅमेऱ्याच्या भिंगाला चालतं का? चालतं, पण थोडं शिवणकाम करावं लागतं आणि सोबत आलेले खुंटे बदलावे लागतात.

हे परीक्षण पाच हबांच्या (हब म्हणजे काड्या जिथे जुळतात तो सांधा), दोन माणसांच्या नमुन्याचं आहे. चार भिंती आणि छप्पर, प्रत्येकाच्या मध्यावर एक हब, आणि हबातून चार कोपऱ्यांकडे जाणाऱ्या फायबरग्लासच्या काड्या. तळ साधारण दीड मीटर चौरस, मधली उंची पावणेदोन मीटर, वजन सात-आठ किलो. घडी बारीक होते, पण सव्वा मीटर लांब राहते. पहाटेच्या कर्जत किंवा कसारा लोकलला ती कुणाला अडत नाही. परतताना मात्र सकाळची गर्दी टाळा, नाहीतर सरळ मालडबा गाठा. रिक्षात ती तिरकी ठेवावी लागते.

लावायला सरावाने दोन मिनिटं पुरतात. घडी उभी करून छपराचे कोपरे मोकळे करायचे, एका भिंतीच्या हबाची पट्टी धरून बाहेर ओढायची, मग समोरची भिंत, मग उरलेल्या दोन, आणि शेवटी आत शिरून छप्पर वर ढकलायचं. आवरताना आधी छप्पर आत ओढायचं. ओढ नेहमी हबाच्या पट्टीला आणि सरळ रेषेत द्यायची. घाईत काडी धरून तिरकं ओढलं किंवा काडीचं टोक कापडात अडकलेलं असताना जोर लावला, की फायबरग्लास उभं चिरतं. या तंबूचं सगळ्यात जास्त होणारं नुकसान हेच आहे. दोन जादा काड्या मिळत असतील तर तंबूसोबतच घेऊन ठेवा.

सोबत मिळणारे खुंटे आपल्या मुरमाड जमिनीत वाकतात. त्याऐवजी १० मिमीच्या सळईचे फूटभर तुकडे, एक टोक धार केलेलं आणि दुसरं वळवलेलं, असे आठ करून घ्या: चार कोपऱ्यांना, चार भिंतींच्या हबांच्या दोऱ्यांना. दोरी जमिनीशी ४५ अंशांत आणि खुंटा तंबूपासून बाहेर कललेला. चिखलात खुंटा धरतच नाही, तिथे वाळूच्या पिशव्या लागतात. कोपऱ्यांचे खुंटे बसले की काम झालं असं वाटतं आणि हबांच्या दोऱ्या राहून जातात. मुंबईत हिवाळ्याच्या पहाटे वारा जमिनीकडून येतो आणि दिवस चढला की पश्चिमेकडून, समुद्रावरून. सकाळी निवांत उभी असलेली भिंत दुपारच्या आत फटकन आत पालटते आणि समोरचा अख्खा थवा उठतो. म्हणून वारा नसला तरी चारही दोऱ्या बांधायच्या.

या तंबूची खरी किंमत आहे त्याच्या आतल्या काळ्या अस्तरात. आत अंधार असला की खिडकीतून पाहणाऱ्याला फक्त काळी चौकट दिसते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की मागच्या उजेडावर माणसाची आकृती उमटते आणि लपण संपतं. तेव्हा एकाच बाजूच्या खिडक्या उघडा, त्याही अरुंद फटीएवढ्या. आत बसताना झाडापानांच्या छापाचे कपडे कामाचे नाहीत. साधा काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळे हातमोजे आणि चेहऱ्यावर काळा रुमाल घ्या. सकाळी सूर्य पाठीशी हवा म्हणून पक्ष्यांच्या पूर्वेला बसून पश्चिमेची खिडकी उघडायची. अशा वेळी उन्हं पूर्वेच्या भिंतीवर पडतात, आणि तिथली चेन बोटभर उघडी राहिली तरी आत प्रकाशाची रेघ येते. बसण्याआधी आतून चारही चेन हाताने चाचपून पाहा.

खिडकीला लावलेल्या जाळीतून बाण आरपार जाऊ शकतो, भिंग नाही. जाळीआडून फोटो फिका येतो आणि ऑटोफोकस जाळीवरच अडकतो. भिंगापुरती जाळी काढावीच लागते. त्याहून मोठी अडचण खिडकीच्या उंचीची. स्टुलावर बसून धनुष्य ओढणाऱ्याच्या हिशेबाने तिची खालची कड जमिनीपासून गुडघाभर वर ठेवलेली असते. शेकाट्या किंवा तुतवार या पाणथळीतल्या पक्ष्यांचा चांगला फोटो त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून येतो. उपाय सोपा आहे: समोरच्या भिंतीला जमिनीपासून २० सेंमीवर एक काप घेऊन त्याला काळ्या कापडाची, नाडी ओढून आवळता येणारी बाही शिवून घ्यायची. भिंग बाहीतून बाहेर आणि तुम्ही आत चटईवर पालथे.

हरीण आणि एल्क नाकाने सावध होतात. म्हणून महागड्या नमुन्यांत गंध दाबणारा थर असतो. पाणपक्षी तुम्हाला पकडतात ते डोळ्यांनी, त्यामुळे त्या थरासाठी जादा पैसे देऊ नका. उलट एक गोष्ट जपा. पुष्कळ पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, आणि कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घातलेली द्रव्यं त्या प्रकाशात चमकतात. तंबू कधीही पावडरीने धुऊ नका.

शिकारी २०-३० मीटरवर समाधानी असतो. आपलं तसं नाही. २० सेंमीचा तुतवार १० मीटरवर असला, तरी ५०० मिमी भिंगातून ३६ मिमी रुंद सेन्सरवर तो १० मिमीच उमटतो, जेमतेम पाव चौकट. एवढ्या जवळ यायला पक्षी बिथरलेला नसावा लागतो. तिकडे तंबू कित्येक दिवस आधी उभा करून ठेवतात. इथे रात्रभर ठेवलेला तंबू सकाळी जागेवर सापडेल याचा भरवसा नाही. त्यामुळे उजाडायच्या आत बसायचं. उशीर झालाच तर सोबत्याने तुम्हाला आत सोडून उघडपणे चालत निघून जावं. पक्षी जाणारा माणूस पाहतात आणि निवळतात. तंबूला बाहेरून शिवलेल्या कड्यांमध्ये पेंढा, सुकं गवत किंवा वाळलेल्या झावळ्या खोवा. कांदळवनाची फांदी तोडायची नाही, ते संरक्षित आहे.

लावायचं कुठे? संजय गांधी उद्यानात किंवा ठाणे खाडीच्या रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्यात स्वतःच्या मर्जीने नाही. तिथे वनखात्याची परवानगी लागते. रोहित पक्ष्यांसाठी ऐरोलीहून निघणारी बोट बरी. हा तंबू शोभतो तो बदलापूर, कर्जत, उरणकडच्या शेतात, मालकाला विचारून, पाणी साठलेल्या खाचराच्या कडेला. जमिनीवर टिटवीचं घरटं असेल तर तिथून निघा. कायद्याच्या व्याख्येत अंडी-घरटी विचलित करणं हीसुद्धा शिकारच आहे. येऊर-आरेच्या कडेला तिन्हीसांजेला वाकून बसू नका, तो बिबट्याचा भाग आहे.

तळाला कापड नसतं, म्हणून शिरण्याआधी बॅटरीने जमीन नीट पाहा. शेतात घोणस असते. काळं अस्तर मार्चनंतर नऊ-दहालाच आतली हवा तापवतं, दोन लिटर पाणी जवळ हवंच. घरी आल्यावर चेन आणि हबांचे स्क्रू गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, खाऱ्या हवेत ते गंजतात. ओला तंबू पिशवीत राहिला तर पावसाळ्यात काही दिवसांतच अस्तरावर बुरशी चढते. तेव्हा दोरीवर टांगून, शिवणींच्या आतली दमट पट्टी बोटाला कोरडी लागेपर्यंत वाळवायचा आणि मगच घडी घालायची.