प्रौढ व्यक्तीला एलडीच्या तपासणीसाठी पाठवायचंय: सिव्हिल की खासगी?

एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता: बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा हिशेब अडणं. शाळेतल्या मुलाचं एक बरं असतं. बाईंना शंका येते, शाळा पत्र देते, पालक मुंबईत असतील तर सायन किंवा नायर रुग्णालयाच्या एलडी केंद्रात नंबर लावतात. पण समोर बसलेला मुलगा 27 वर्षांचा असेल, पदवी रडतखडत झालेली असेल आणि एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत दरवेळी निम्मा पेपर कोरा राहत असेल, तर त्याला कुठे पाठवायचं? कॉलेजातले समुपदेशक, फॅमिली डॉक्टर आणि मोठी भावंडं हाच प्रश्न विचारतात. बहुतेकांना उत्तर मिळतं ते रुग्णालयाच्या नावाच्या रूपात, आणि तिथेच गाडी चुकते. त्या माणसाला शेवटी हातात काय हवंय, हे आधी ठरवा. सवलतीचा कागद हवा असेल तर दार वेगळं, आणि स्वतःचं कोडं सोडवायचं असेल तर वेगळं.

त्याआधी दोन गोष्टी चाळून घ्या. ‘आधी जमत होतं, आता जमत नाही’ असं कुणी म्हणत असेल तर एलडीच्या तपासणीची घाई करू नका. अध्ययन अक्षमता तिशीत उगवत नाही. अपघात, नैराश्य, झोपेची वाट लागणं, नजर कमी होणं, असं काहीतरी तिथे असतं. त्याचा रस्ता मनोविकारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जातो. दुसरं, फक्त इंग्रजीच अडत असेल आणि मराठी पेपर भराभर वाचता येत असेल, तर ती बहुधा अक्षमता नसते. इंग्रजी नीट शिकवलंच गेलं नाही, एवढाच बहुतेकदा त्याचा अर्थ.

एलडी की बौद्धिक अक्षमता?

पाठवणाऱ्यांची सर्वात जास्त गल्लत इथे होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यातला एक आणि बौद्धिक अक्षमता हा दुसरा. तपासणी वेगळी, लाभ वेगळे.

पहिल्या प्रकारातला माणूस बोलायला चटपटीत असतो. चालू घडामोडींवर वाद घालेल, पण तोच लेख मोठ्याने वाचायला द्या आणि ऐका. ‘प्रात्यक्षिक’ला अडखळतो, शब्दाचं पहिलं अक्षर पाहून उरलेला अंदाजाने ठोकतो, एक ओळ गाळून खालच्या ओळीवर जातो, शेवटी काय वाचलं विचारलं तर परत वरून सुरुवात. लिहिताना जोडाक्षरं मोडतात, मात्रा गळतात, 47 चे 74 होतात. (ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यात धरू नका. त्या धरल्या तर निम्मा महाराष्ट्र तपासणीला पाठवावा लागेल.)

दुसऱ्या प्रकारात अडचण पुस्तकाबाहेरही दिसते. किराणा आणताना सुटे पैसे मोजता येत नाहीत, रोजची बस रद्द झाली तर पुढे काय करायचं ते सुचत नाही, फोनवर कुणी ओटीपी मागितला की सांगून मोकळा. अशा चाळिशीच्या माणसाला घरात ‘साधा आहे’ म्हणून सांभाळून घेतलेलं असतं, आणि आईवडील थकले की मग धावपळ सुरू होते. ही धावपळ मात्र वाया जात नाही. बौद्धिक अक्षमता 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात येते, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो आणि निरामय आरोग्य विमा मिळतो. आईवडील सरकारी नोकरीत होते आणि मुलगा कमावू शकत नाही, असं असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा दावाही करता येतो. एलडीवाल्याला राष्ट्रीय न्यासातून काहीच मिळत नाही. त्याचे लाभ परीक्षा, प्रवेश आणि नोकरी एवढ्यापुरते.

बौद्धिक अक्षमतेचा संशय असेल तर खासगीत पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. थेट जिल्हा रुग्णालयात पाठवा. मुंबई-ठाणे पट्ट्यातल्यांना नवी मुंबईत राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्रही आहे. सोबत लहानपणापासून पाहिलेलं घरचं माणूस हवंच, कारण बुद्ध्यंकाच्या चाचणीइतकंच वजन ‘रोजचं काय काय स्वतः करतो’ या प्रश्नावलीला असतं, आणि तिची उत्तरं घरच्यांनी द्यायची असतात.

एलडीचाच संशय असेल तर

आता खरी निवड. एका बाजूला सिव्हिल, दुसऱ्या बाजूला खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

कायद्याच्या दृष्टीने चालणारं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) फक्त सरकारने नेमलेलं वैद्यकीय प्राधिकरण देतं. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, आणि जिल्हा साधारणपणे रहिवासाच्या पुराव्यावरून ठरतो. लातूरचा मुलगा पुण्यात खोली घेऊन अभ्यास करत असेल तर हे आधी तपासून घ्या, नाहीतर पहिलीच फेरी फुकट जाईल. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता नोंदली गेली की उच्च शिक्षणातल्या 5 टक्के जागा आणि सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण खुलं होतं. नोकरीत एलडीच्या वाट्याला त्यातला 1 टक्का येतो, तोही स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत वाटून.

त्या 40 टक्क्यांबद्दल थोडं बोललं पाहिजे. पायाची हालचाल अंशांत मोजता येते, वाचनाची अडचण टक्क्यांत कशी मोजणार? वैद्यकीय प्रवेशाच्या 2019 च्या नियमांतच कबुली आहे की एलडीची तीव्रता मोजणारी मोजपट्टी उपलब्ध नाही आणि 40 टक्क्यांची रेषा मनमानी आहे. टक्के कमी पडले म्हणून सगळं संपत नाही, हे पाठवणाऱ्याने समोरच्याला आधीच सांगून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात 40 टक्क्यांच्या आतल्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येणार नाही असा निकाल दिला. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहिण्यात अडचण आहे असं सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक किंवा तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. एमपीएससीवाल्या मुलाला आरक्षणापेक्षा ही 20 मिनिटंच जास्त कामाची असू शकतात.

सिव्हिलची दुखरी बाजू वेगळी आहे. एलडीची सगळी व्यवस्था मुलं डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. मुंबईतलं सायनचं केंद्र बालरोग विभागातच आहे. केंद्राच्या 2018 च्या प्रमाणपत्राबाबतच्या सूचनांत पहिली तपासणी 8 व्या वर्षी, मग 14 आणि 18 व्या वर्षी, आणि 18 व्या वर्षाचं प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी, असा हिशेब होता. सूचना 2024 मध्ये सुधारल्या गेल्या. पण लहानपणी कुणी तपासलंच नाही असा माणूस तिशीत खिडकीवर उभा राहिला की कर्मचारी अजूनही गोंधळतात. ‘हे लहान मुलांचं असतं’ हे वाक्य ऐकायला मिळेल. ते ऐकून परत येऊ नये. कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही.

मूळ प्रश्न चाचण्यांचा आहे, आणि तो खासगीतही सुटत नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची एलडी चाचणी 5 ते 7 आणि 8 ते 12 या वयोगटांसाठी बनलेली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ मराठीत आहे ही मोठी गोष्ट, पण तीही प्राथमिक वर्गांसाठी. त्यामुळे प्रौढाच्या तपासणीत तज्ज्ञाचा अनुभव चाचणीच्या गुणांइतकाच महत्त्वाचा ठरतो. इथे चांगला खासगी मानसशास्त्रज्ञ उजवा ठरतो. तो तास-दीड तास नुसता इतिहास विचारतो, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत वाचून घेतो, लिहून घेतो, एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा) आणि चिंतेचा भाग वेगळा काढतो. एडीएचडी त्या 21 प्रकारांत नाही. म्हणून केवळ एडीएचडी निघाली तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळणार नाही, पण उपचार मिळतील, आणि कित्येकांना गरज त्याचीच असते.

खासगीत खर्च काही हजारांत जातो. भेट ठरवण्याआधी फोनवरच दोन प्रश्न विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का? आणि प्रौढांसाठी बुद्धिमत्तेची कुठली चाचणी वापरता? ‘मिसिक’ असं उत्तर आलं तर आभार माना आणि फोन ठेवा, ती 16 वर्षांखालच्या मुलांची आहे. नुसतं समुपदेशनाचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेल्यांचा अहवाल पुढे कुठेच टिकत नाही.

मी कसं ठरवते? परीक्षेची जाहिरात आली असेल तर खासगी अहवालासाठी थांबत नाही, पोर्टलवर अर्ज करायला लावते. प्रमाणपत्राची प्रक्रिया महिन्यांची आहे, ती सुरू झालेली बरी. परीक्षा समोर नसेल, माणूस खासगी कंपनीत कामाला असेल आणि ‘मला ईमेल लिहायला दोन तास का लागतात’ एवढंच त्याला कळून घ्यायचं असेल, तर सिव्हिलच्या रांगेत उभं करण्यात काही अर्थ नाही. खासगी तपासणी करावी आणि अहवालात उपाय मागून घ्यावेत: मजकूर वाचून दाखवणारं ॲप, बोलून टाइप करणं, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मिळणं. हातात पैसे नसतील तर मधला रस्ता म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, एवढं विचारून जावं. गोव्यातल्यांना बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. नावावर जाऊन बिचकू नये, मानसशास्त्रीय चाचण्या तिथेही होतात.

दोन्हीकडे जाताना तुमचं पत्र मात्र नीट हवं. ‘अभ्यासात मागे, कृपया तपासावे’ या ओळीचा कुणालाच उपयोग नाही. लिहा की वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचायला किती मिनिटं लागली, कुठे अडला, ऐकून समजलं का, पाढे आणि हातच्याची वजाबाकी जमते का, अडचण पहिल्यांदा कुणाच्या आणि कितवीत लक्षात आली. तिसरी-चौथीची प्रगतिपुस्तकं आणि जुन्या वह्या शोधायला लावा. पोटमाळ्यावर असतात. लाल शाईने भरलेली चौथीची शुद्धलेखनाची वही, 28 व्या वर्षी केलेल्या कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त बोलते, कारण अडचण बालपणापासून आहे हेच प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाला पाहायचं असतं. मूळ प्रती देऊ नका, झेरॉक्स द्या.