शोरूमची नवी की डीलरची जुनी? पुण्यात दोन्ही घेऊन झाल्यावर

मावसभावाचा फोन आला, दादा आठ लाख बजेट आहे, नवीन छोटी घेऊ का तेवढ्यातच तीनचार वर्षं वापरलेली जरा मोठी घेऊ. फोनवर अर्धा तास बोललो तरी संपेना म्हणून म्हणलं लिहूनच काढतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी २०२१ मध्ये नवीन हॅचबॅक घेतली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये बायकोसाठी वापरलेली, त्यामुळे दोन्हीकडचा चहा पिऊन झालाय. शोरूमचा चहा बरा होता एवढं आधीच सांगतो.

शोरूममध्ये गाडीबद्दल फसवणूक होणं तसं अवघड, गाडी कंपनीतून आलेली असते, वॉरंटी असते. पैसे जातात ते कोटेशनमध्ये. माझी एक्स-शोरूम किंमत सात लाखांच्या आसपास होती. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आत असेल तर ११ टक्के, म्हणजे ७७ हजार, तो कुणालाच चुकत नाही. पण त्याच्या खाली बघा काय काय होतं: हँडलिंग चार्जेस (गाडी यार्डातून शोरूमला आणायचे म्हणून लावतात ते) ७,५००, अ‍ॅक्सेसरीज किट १८ हजार, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, एक्स्टेंडेड वॉरंटी, आणि इन्शुरन्स ४१ हजार. मी सेल्सवाल्याला एवढंच म्हणलं की हँडलिंग कुठल्या नियमाने घेताय ते मला ईमेलवर पाठवा. ईमेल काही आला नाही, दुसऱ्या दिवशी नवीन कोटेशन आलं आणि त्यात ती ओळच नव्हती. हे तोंडी भांडून होत नाही हां, तोंडी म्हणलं की "सर सगळेच घेतात" एवढंच उत्तर मिळतं.

इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते हे अजून बऱ्याच लोकांना माहीत नाही. मी बाहेरून तेवढ्याच आयडीव्हीचा (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) वगैरे सगळं धरून २९ हजारांचा कोट आणला, तो दाखवल्यावर सेल्सवाला मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आला आणि ४१ चे ३२ झाले. पाच मिनिटांत नऊ हजार. मी ३२ ला तिथूनच घेतला, कारण क्लेमच्या वेळी त्यांच्याच वर्कशॉपला गाडी जाणार होती, पण तुम्ही बाहेरून घेतला तरी काही बिघडत नाही. आणि दहा लाखांच्या वरची गाडी असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, पण बिलात लागतो, तो रिटर्न भरताना क्लेम करता येतो, विसरू नका.

अजून एक, गाडी रजिस्टर व्हायच्या आधी स्टॉकयार्डला जाऊन बघून या. एकदा एमएच १२ चा नंबर पडला की गाडी तुमची, मग बंपरवरचा ओरखडा पण तुमचाच. कंपनीकडून गाडीसोबत येणाऱ्या फॉर्म २२ वर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते असतं, टायरच्या बाजूला चार आकडे असतात त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मला पहिल्यांदा दाखवलेली गाडी सात महिने यार्डात उन्हात उभी होती, मी दुसरा चॅसिस नंबर, म्हणजे दुसरी गाडी मागितली, थोडं तोंड वाकडं झालं पण मिळाली.

बाकी डिलिव्हरीचा सोहळा, लाल कापड, केक, ती भली मोठी पुठ्ठ्याची चावी, मग सारसबागेच्या गणपतीला जाऊन नारळ, हे सगळं मस्तच असतं, आईबाबांसाठी तरी असावंच. आणि मग आठवडाभर "सर कंपनीतून फोन येईल, प्लीज दहापैकी दहाच द्या" असं सेल्सवाल्याचं आर्जव. त्या दहाला त्याच्याकडे खरंच किंमत असते, त्यामुळे काही अडकलेलं असेल, मॅट्स, दुसरी चावी, नंबरप्लेट, तर त्या फोनच्या आधीच मागून घ्या.

आता जुनी. इथे उलटं आहे, कागदावर आकडे कमी पण गाडीबद्दलच सगळी शंका. पुण्यात साधारण दोन प्रकारची दुकानं: कंपन्यांची किंवा मोठ्या ब्रँडची सर्टिफाईड आउटलेट्स, आणि नगर रोड, चिंचवड, कोंढवा अशा भागातले छोटे डीलर, पत्र्याच्या शेडखाली वीसपंचवीस गाड्या पुसून ठेवलेल्या. सर्टिफाईडमध्ये घासाघीस जवळजवळ होत नाही आणि किंमत सरळ जास्त, पण कागदपत्रांची कटकट ते करतात आणि वॉरंटी देतात. वॉरंटीचा कागद मात्र वाचा, माझ्यासमोर आला त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स कव्हर होते, क्लच, बॅटरी, टायर, सस्पेन्शन काही नाही, आणि नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये रोज हाफ क्लचवर चाललेल्या गाडीचं आधी काय जाणार, क्लचच ना.

छोट्या डीलरकडे एक गाडी मला फार आवडली होती. २०२१ ची, सिंगल ओनर, बाकीच्यांपेक्षा साठसत्तर हजार कमी. आत बसलो तर एअर फ्रेशनरचा वास इतका की डोकं दुखावं. सोबत आमच्या गल्लीतले गॅरेजवाले काका होते, त्यांनी काही न बोलता सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, शेवटपर्यंत, आणि तिथे मातीची तपकिरी रेघ. मग स्टेपनीखालचं कार्पेट उचललं, खाली गाळ वाळलेला. डीलर म्हणाला वॉशिंगमध्ये पाणी गेलं असेल. काका म्हणाले, वॉशिंगला मुठा नदीत नेली होती का. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या किती गाड्या बुडाल्या सगळ्यांनी बघितलंय, २०१९ ला आंबिल ओढ्याच्या पुराच्या वेळीही तेच. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नका. ही गाडी तिकडचीच होती का ते काही मी सिद्ध करू शकत नाही, पण आम्ही उठलो.

दुसऱ्या एका ठिकाणी मीटर ३८ हजार दाखवत होता आणि सर्व्हिस हिस्टरी काढली तर वर्षभरापूर्वीच ६१ हजारांची एंट्री. हिस्टरी ऑथोराइज्ड वर्कशॉपमधूनच काढा, डीलरने दाखवलेल्या फाइलवर जाऊ नका. आणि दिल्ली पासिंगची गाडी फारच स्वस्त दिसली तर आधी हिशोब करा, तिकडे दहा वर्षांच्या वरच्या डिझेलवर बंधनं आली म्हणून त्या इकडे येतात, इथे पुन्हा महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा, एनओसी, रि-रजिस्ट्रेशन, निम्मी स्वस्ताई तिथेच संपते. महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो, तो आपल्याला फुकट, हा जुनीचा मोठा फायदा, आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

मी शेवटी चिंचवडच्या एका छोट्या डीलरकडूनच घेतली, चार वर्षांची. आयडीव्हीच्या तक्त्यात पण तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे सगळ्यात मोठी पडझड आधीच्याने सोसलेली असते. गाडी उत्तम निघाली, आजतागायत काही नाही. पण नाव ट्रान्सफर व्हायला अडीच महिने लागले. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन घ्यायचा नियम आहे, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद केली की जबाबदारी त्याच्यावर येते, माझ्या डीलरला विचारलं तर म्हणाला "हो हो करतोय आम्ही". म्हणून सांगतो, ऑथरायझेशन बघायला मागा, नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही समोर घ्या, आधीच्याचं लोन असेल तर बँकेचा बोजा काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, आणि दहापंधरा हजार आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत हातात ठेवा. मी दहा हजार ठेवले होते, ते नसते तर अडीचचे पाच महिने झाले असते. पेंडिंग ई-चलन पण आधी चेक करा, आमच्या गाडीवर चार निघाले, सगळे सिग्नलचे.

जुन्या गाडीचा इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याचा. डीलर "पन्नास टक्के एनसीबी चालू आहे सर" म्हणतो त्याला काही अर्थ नाही.

पैशांचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून गणित बदललंय. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के आणि वर सेस होता, तो थेट १८ टक्के जीएसटी झाला, त्यामुळे नवीन छोट्या गाड्या खाली आल्या पण जुन्याचे काही डीलर अजून आधीच्याच हिशोबाने भाव सांगतात. आधी आजची नवीनची ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स धरून किंमत काढा. तीन वर्षं जुनीचे तिच्या पाऊण किमतीपेक्षा जास्त मागत असतील तर मी तरी नवीनच घेईन, त्यात जुनीच्या लोनचा व्याजदर पण जास्त असतो.

वेळेचं म्हणाल तर नवीन घ्यायची असेल तर पितृपक्षात बोलणी करा, शोरूममध्ये माश्या मारत बसलेले असतात, डिलिव्हरी दसऱ्याला घ्या म्हणजे घरचेही खूश. डिसेंबरअखेर सूट जास्त मिळते पण गाडीवर वर्ष जुनं लागतं, दहा वर्षं ठेवणार असाल तर काय फरक पडतो.

भावाचं म्हणाल तर तो धायरीहून हिंजवडीला रोज जातो, गाडी घासेपर्यंत वापरणार आणि गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नाही, त्याने नवीनच घ्यावी असं मी सांगितलं. बायकोचं वेगळं होतं, ती तेव्हा नवीनच शिकली होती, सदाशिव पेठेत पार्किंग करायचं म्हणजे पहिल्या वर्षात चारही कोपरे घासणार हे ठरलेलं, तिथे नवीन गाडी म्हणजे रोज घरात रडारड.

काल रात्री भावाने कोटेशनचा फोटो पाठवला. हँडलिंग नाहीये त्यात. "लॉजिस्टिक चार्जेस ८,५००" आहे.