रोलओव्हर बटणांसाठी स्प्राइट: पावसाळा ते दिवाळी वापरून झालं

दादरला मावशीचं साड्यांचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी बघतो. पैठणी, इरकल, नारायणपेठ अशी बटणं इमेजचीच हवीत हा तिचा आग्रह, काठ दिसला पाहिजे ना, आणि माउस नेला की काठाचा रंग बदलायला हवा.

स्प्राइट म्हणजे बटणाची सगळी रूपं एकाच इमेज फाईलमध्ये ठेवून हवं तेवढंच दाखवणं. त्याच्या आधी प्रत्येक बटणाच्या दोन फाईल होत्या आणि होव्हरची, म्हणजे माउस वर असतानाची, इमेज ब्राउझर माउस नेल्यावरच मागवतो, त्यामुळे पहिल्या वेळी बटण क्षणभर कोरं दिसायचं, नेट स्लो असलं तर फारच. जुने लोक यासाठी जावास्क्रिप्टने इमेज प्रीलोड करायचे. स्प्राइटमध्ये ती भानगडच नाही! दोन्ही रूपं एकाच फाईलमध्ये एकाखाली एक, बटण 200 बाय 60 असेल तर इमेज 200 बाय 120, आणि होव्हरला बॅकग्राउंड पोझिशन उणे 60 पिक्सेल करायची, बस. वेब डिझायनर डेव्ह शी यांनी 2004 मध्ये ए लिस्ट अपार्ट या वेब डिझाइनच्या ऑनलाइन मासिकात हे मांडलं होतं, आजही मस्त चालतं. हाय रिझोल्यूशन स्क्रीनसाठी इमेज दुप्पट बनवा आणि बॅकग्राउंड साइज 200 बाय 120 च ठेवा, नाहीतर जरीकाम धुरकट दिसतं.

एक मात्र आहे, ट्रान्झिशन (बदल हळूहळू करणारा सीएसएस नियम) लावलं की रंग हळूहळू बदलत नाही, इमेज सरकताना दिसते. हळूच बदल हवा असेल तर दुसरं रूप आफ्टर एलिमेंटवर (सीएसएसने बटणावर चढवलेला जादा थर) ठेवून त्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, 0 वरून 1 करा, 0.2 सेकंद पुरे.

आता मोबाइल. मावशीची अर्धी गिऱ्हाईकं लोकलमध्ये बसून साड्या बघतात, तिथे माउस कुठला? उलट टॅप केल्यावर होव्हरचा रंग तसाच चिकटून राहतो, म्हणून तो नियम होव्हरवाल्या मीडिया क्वेरीतच टाका, म्हणजे माउससारखं साधन असेल तिथेच तो लागू होईल. आणि किंमत, ऑफर असलं काही होव्हरवर लपवू नका प्लीज, फोनवाल्याला ते दिसणारच नाही. कीबोर्डने फिरणाऱ्यांसाठी फोकसलाही (बटण कीबोर्डने निवडलं जातं तेव्हा) तोच बदल द्या, आणि साडीचं नाव लिंकमध्ये टेक्स्ट म्हणून ठेवा, कारण बॅकग्राउंड इमेजला ऑल्ट (इमेजचं लेखी वर्णन) देता येत नाही, स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसतं कोरं बटण मिळतं.

नुसता रंग किंवा सावली बदलायची असेल तर इमेज घेऊच नका, साधं सीएसएस लावा. काठ, नक्षी, फोटो असेल तर मात्र मी स्प्राइटच घेईन.